चारवरची लाल खूण

साहेबांनी मखमली डबीतून ते घड्याळ काढून टेबलावर ठेवलं तेव्हा माझ्या तोंडात बिस्किटाचा तुकडा होता. तो मी चावलाच नाही. तोंडात धरून बसले आणि तो आपोआप विरघळला. साहेब सांगत होते, हेच ते, वर्षभर शोधत होतो, बघा काय स्थितीत आहे. आणि सगळे खुर्च्या सरकवून पुढे वाकले होते. मीही वाकले. काळी डायल, कडेने वेग मोजायची पट्टी, डाव्या हाताला धावते सेकंद, उजव्या हाताला स्टॉपवॉचची मिनिटं मोजणारी छोटी डायल. आणि त्या छोट्या डायलवर, चार मिनिटांच्या रेघेवर, एक लाल खूण. खुणेला खालच्या बाजूला बारीक शेपूट होतं, कारण सुई उचलताना आईचा हात किंचित घसरला होता. "ही खूण बघितलीत?" साहेब म्हणाले. "आजवर दुसऱ्या कुठल्याच पीसवर दिसलेली नाही. कारखान्याने मोजकेच असे काढले असणार." मी पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळा प्यायले. हे घड्याळ चाळीस वर्षांपूर्वी माझ्या दादाने पुलावरून पाण्यात फेकलं होतं.

आमची कंपनी म्हणजे एका मेलेल्या कारखान्याचं नाव. कारखाना मी शाळेत असतानाच बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, इमारतीत आता गाड्यांची शोरूम आहे. नाव तेवढं कुणाच्या तरी कपाटात धूळ खात पडलं होतं. ते साहेबांनी विकत घेतलं आणि आता आम्ही त्या नावाखाली जुनी घड्याळं नव्याने काढतो. म्हणजे जुनी दिसणारी नवी. आधी एक मनगटी, मग एक पाणबुड्यांचं, आणि आता हे, क्रोनोग्राफ, ज्यात घड्याळ आणि स्टॉपवॉच एकाच पोटात असतात. वरचं बटण दाबलं की मोजणी सुरू, पुन्हा दाबलं की थांबते, खालचं दाबलं की सगळे काटे निमूट शून्यावर. माझे वडील त्या जुन्या कारखान्यात डायल तपासणीला होते, हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर बाबांचा फोटो मोठा करून स्वागतकक्षात लावला असता आणि खाली ‘आमचा वारसा’ असं लिहिलं असतं. मला नोकरी लागली ती माझ्या हातामुळे. त्याआधी वीसेक वर्षं मी प्रेशर गेजच्या डायली काढत होते, बॉयलरच्या, कॉम्प्रेसरच्या. तिथेही लाल रेघ असायची. त्या रेघेचा अर्थ एवढाच की इथवर आलात तर हात काढा, नाहीतर मराल. ती जरा डावीकडे घेऊ का, डोळ्याला बरी दिसेल, असं त्या वीस वर्षांत मला कुणी म्हटलं नाही.

टिल्लू आमचा धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. त्याला फिट यायची. हा शब्द घरात मोठ्याने कुणी उच्चारायचं नाही. ‘टिल्लूला झालं’ एवढंच म्हणायचं. डॉक्टरांनी आईबाबांना समोर बसवून सांगितलं होतं की पाच मिनिटांच्या आत थांबली तर घाबरू नका, कुशीवर वळवा आणि थांबा. पाचच्या पुढे जायला लागली तर वाट बघू नका, उचला आणि घेऊन या. फिट आली की एक मिनिट तासासारखं लांबतं आणि माणसाला काही सुधरत नाही, म्हणून बाबांनी आपलं क्रोनोग्राफ बाहेर काढलं. क्रोनोग्राफची शेवटची तुकडी निघाली तेव्हा तपासणीच्या लोकांना एकेक दिलं होतं, ते. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला लटकवलं. आई म्हणाली, मला त्या एवढ्या बारीक रेघा मोजता येणार नाहीत, खूण करा. बाबांनी मागचं झाकण उघडलं, यंत्र बाहेर काढलं, काटे काढले, डायल उघडी करून पांढऱ्या रुमालावर ठेवली, आणि मग नुसते बसून राहिले. जन्मभर डोळ्याला भिंग लावून धुळीचा एक कण दिसला तरी डायल बाद करणारा तो माणूस. स्वतःच्या हाताने डायलवर डाग पाडायला त्यांचा हात धजेना. "सरका," आई म्हणाली. रंग कुठला? मी चोरून आणलेली नेलपॉलिशची बाटली दप्तरात होती, आणि ती तिथे आहे हे आईला माहीत होतं हे मला त्या दिवशी कळलं. ती उठली, दप्तरातून बाटली काढली, शिवणाची सुई तिच्यात बुडवली आणि खूण केली. बाबा म्हणाले, "अगं, चारवर केलीस. डॉक्टर पाच म्हणालेत." आई म्हणाली, "डॉक्टर दवाखान्यात बसून पाच म्हणालेत. आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिना आहे, टॅक्सी मिळायची आहे. त्यांचे पाच म्हणजे आपले चार." नेलपॉलिशबद्दल ती मला कधीच काही बोलली नाही.

ती खूण आता पडद्यावर भिंतीएवढी मोठी करून दाखवत होते. शेपूट तर पालीच्या शेपटाएवढं दिसत होतं. आमच्या घड्याळजीने भिंग लावून बघितलं आणि रंग जरा जाड वाटतो म्हणाला, तर साहेब म्हणाले की त्या काळी हातानेच भरत. झालं, विषय संपला. माणसाला जे हवं असतं ते दिसतंच. मग बरेच महिने आम्ही त्या घड्याळाची चिरफाड केली. मूळ घड्याळ लहान. आजच्या मनगटांना मोठं लागतं म्हणून ते वाढवलं, आणि वाढवल्यावर दोन्ही छोट्या डायली मधोमध गोळा झाल्यासारख्या दिसायला लागल्या, जवळ बसवलेल्या डोळ्यांच्या माणसासारख्या, म्हणून त्या बाहेर सरकवल्या. फुगीर प्लास्टिकच्या काचेऐवजी ओरखडा न पडणारी काच घेतली, पण ती प्लास्टिकसारखी फुगीर दिसावी म्हणून घासून घासून जीव काढला. साहेबांना तारखेची खिडकी हवी होती. मी म्हटलं, मूळ घड्याळात तारीख नाही, ती खिडकी डायलला भोक पाडल्यासारखी दिसेल. त्या खिडकीसाठी मी दोन बैठका भांडले आणि जिंकले. सगळ्यात मोठं काम होतं म्हातारपणाचं. अंधारात चमकणारा रंग मुळात पांढरा असतो आणि वर्षानुवर्षांनी चहाच्या डागासारखा पिवळा पडतो. गिऱ्हाईकाला तो पिवळा हवा असतो, पण तेवढी वर्षं थांबायला नको असतं. म्हणून आम्ही नवा रंग आधीच पिवळा करतो. घड्याळ जन्मतःच पेन्शनीत. तो पिवळा मी ठरवला, बाबांच्या घड्याळाच्या आकड्यांशेजारी नमुन्याच्या पट्ट्या धरून. टिल्लू गेला तेव्हा ते आकडे पांढरे होते. मी पट्ट्या धरत होते, हात स्थिर होता, आणि डोक्यात एकच चाललं होतं की हा सगळा पिवळा दादाच्या कपाटात पडलाय.

कारण मी दादाला फोन केला होता, पहिल्याच दिवशी, ऑफिसच्या जिन्यातून. दादा विम्याच्या कंपनीतून निवृत्त झालेला, वहिनी मुलीच्या बाळंतपणाला परदेशी गेलेली, एकटाच घरी. फोन उचलला आणि म्हणाला, "बोल ठकी." मी एवढंच म्हटलं, "ते आमच्या टेबलावर आलंय." त्याने कसलं ‘ते’ असं विचारलंसुद्धा नाही. पलीकडे टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "अगं, फेकणारच होतो. पुलावर गेलो होतो. खरंच गेलो होतो."

"मग?"

"मग काय? हातात चालू होतं ते. टिकटिकत होतं. नाही फेकवलं."

"आणि विकवलं."

"तुझ्या वहिनीने कपाट आवरायला काढलं. आता काय सांगणार होतो तिला? म्हटलं जुनं आहे, एकाला हवंय." मग म्हणाला, "त्या माणसाने विचारलं, ही लाल खूण कसली. मी म्हटलं कारखान्यातलीच. शर्यतींसाठी असेल."

"कसली शर्यत दादा?"

"सुचलं ते बोललो गं. काय सांगायला हवं होतं मी? तू सांग ना. काय सांगायला हवं होतं?"

मी फोन ठेवला. चाळीस वर्षं या माणसाला आम्ही डोक्यावर घेतलं होतं. टिल्लू गेल्यानंतर एका संध्याकाळी तो चिखलाने भरलेले बूट घेऊन घरी आला, मोरीत जाऊन धुतले आणि म्हणाला, टाकलं मी ते, परत कुणी त्याचं नाव काढू नका. आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बाबा म्हणाले, बरं केलंस. आपल्याला न जमलेलं काम पोराने केलं म्हणून बाबांना केवढं हलकं वाटलं होतं. बुटांना चिखलसुद्धा मुद्दाम लावून आणला होता त्याने, की खरोखरच काठापर्यंत उतरला होता, देव जाणे. दादाकडून घेऊन ते साहेबांना विकणाऱ्या संग्राहकाने सोबतच्या माहितीत म्हटलं होतं की यंत्र उत्तम आहे, इतकी वर्षं कुणीतरी नियमित चावी देत असावं. हे साहेबांनी कौतुकाने वाचून दाखवलं. म्हणजे दादा कपाट उघडून त्याला चावी देत होता. घरात सगळे झोपल्यावर किंवा कुणी नसताना, मला माहीत नाही. हे ऐकून त्याची कीव आली, नाही असं नाही, पण मी ती तिथल्या तिथे दाबली. चावी द्यायची होती तर आईच्या हातात द्यायचं होतं घड्याळ. आणि शर्यत! टिल्लूला धड जिना उतरू द्यायचो नाही आम्ही एकट्याला.

आमच्या मार्केटिंगवाल्या मुलीने त्या शर्यतीचं सोनं केलं. तिने एक गाडी हाकणारा वीर तयार केला, ज्याला म्हणे चार मिनिटांत टाकी भरून, चाकं बदलून परत वाटेला लागायचं असे, आणि त्याच्या हट्टावरून कारखान्याने ही लाल खूण घातली. वीराचा चेहरा तिने दाखवला नाही, हातमोजे तेवढे दाखवले. जाहिरातीवर लिहिलं, ‘एक लाल खूण. वेळेशी लढणाऱ्यांसाठी.’ मुलगी गुणी आहे, रोज मला डब्यातलं काहीतरी आणून देते. तिने ते वाक्य मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "ताई, जास्त होतंय का?" मी म्हटलं, नाही, बरोबर आहे. मग स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि हात धूत बसले, साबण संपेपर्यंत. माझ्या भावाच्या तोंडाचा फेस पुसायला आई दाराच्या खिळ्याला एक टॉवेल लटकवायची, घड्याळाच्या शेजारी. त्या टॉवेलचं काय केलं असतं या लोकांनी? पट्टा केला असता.

टिल्लू गेला त्या दिवशी आई घरी नव्हती. बाबा कारखान्यात. दादा एकोणीस वर्षांचा, दुसऱ्या दिवशी परीक्षा म्हणून टेबलावर पुस्तकं पसरून बसलेला, मी तेरा वर्षांची, त्याच टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर नकाशा रंगवत होते. टिल्लूला झालं. दादाने धावत जाऊन वरचं बटण दाबलं, टिल्लूला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेलची घडी सरकवली, सगळं शिकवल्याप्रमाणे. माझं काम घड्याळ वाचायचं. मी खिळ्यावरून काढून हातात धरलं आणि मोठ्याने म्हणत गेले, एक, दोन, तीन. मिनिटांचा तो बारका काटा हळू सरकत नाही, थांबून राहतो आणि मग टुणकन पुढे उडी मारतो. त्या उडीकडे बघत राहायचं. लाल खुणेवर त्याने उडी मारली आणि मी म्हटलं, "चार." दादा म्हणाला, "थांब." मी पुन्हा म्हटलं, "दादा, चार झाले." तो म्हणाला, "डॉक्टर पाच म्हणालेत. आईचं आपलं काहीतरी. मागच्या वेळी टॅक्सी आणली तर हा उठून बसला, तो ड्रायव्हर केवढा बोलला आपल्याला. थांब जरा." टिल्लूची टाच फरशीवर आपटत होती. मग काट्याने पुढची उडी मारली, मी पाच म्हणायच्या आत दादाने माझ्या हातातलं घड्याळ घेतलं, सवयीने बटण दाबून थांबवलं, टेबलावर टाकलं आणि जिन्याने खाली पळाला. टॅक्सी मिळायला वेळ लागला. किती, ते मला माहीत नाही, कारण मोजायला काही चालू नव्हतं. डॉक्टर नंतर म्हणाले की एका मिनिटाने काही फरक पडला नसता. डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगतात. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये आईबाबा आले तेव्हा दादाने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मी समजायचं ते समजले. आजतागायत कुणाला बोलले नाही. आईसाठी बोलले नाही. आईनेही कधी विचारलं नाही, किती झाले होते, कधी निघालात, काहीच नाही.

डायलची शेवटची बैठक झाली ती साध्या दुपारी, चहा गार होत होता. साहेब पडद्यासमोर मान वाकडी करून उभे होते. "ताई, मला एक खटकतंय," ते म्हणाले. "बघा, पाचची रेघ लांब आहे, दहाची लांब आहे, आणि ही खूण चारवर. लांब रेघेच्या इतकी जवळ की छपाई सरकल्यासारखी वाटते. मूळ घड्याळात ठीक आहे, तिथे ती गंमत आहे. पण नव्या घड्याळात गिऱ्हाईक तक्रार घेऊन येईल. पाचवर घेतली तर? शेपूटही काढून टाकू. स्वच्छ त्रिकोण." मार्केटिंगवाली म्हणाली की गोष्टीत चारचं पाच करायला तिला काही अडचण नाही, टाकी पाच मिनिटांत भरेल. सगळे माझ्याकडे बघत होते. तारखेच्या खिडकीसाठी दोन बैठका खाल्लेली बाई आता किती खाणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला बोलता आलं असतं. मूळ बदलू नका एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. साहेब माझं ऐकतात. आणि मी पहिल्यांदा स्वतःला असं सांगितलं की जाऊ दे, बरंच आहे, चार आमचं आहे, आईचं आहे, ते कशाला यांच्या मनगटांवर, यांना पाच घेऊ दे. हे छान वाटलं. पण खरं तसं नव्हतं. खरं हे होतं की पाच म्हटल्याबरोबर मला दादाचं मनगट दिसलं. चाळीस वर्षं जो आकडा आम्ही दोघांनी गिळून ठेवला होता तो कारखान्यात छापून, काचेखाली सीलबंद होऊन त्याच्यासमोर येईल, आणि त्याला तो बघावा लागेल. "पाच," मी म्हटलं. साहेब हसले. "मला वाटलं भांडाल," ते म्हणाले. मी त्याच संध्याकाळी खूण सरकवून रेखाटन पक्कं केलं. चारवरून पाचवर न्यायला माऊस जरासा हलवावा लागतो, एवढंच.

घड्याळ बाजारात आलं आणि हातोहात खपलं. लोकांनी आपापल्या मनगटांचे फोटो टाकले, खुणेची चर्चा केली, मूळ चारवर होती, ती पाचवर का, यावर मोठमोठी माणसं एकमेकांना शिव्या देत होती. एकाने लिहिलं होतं की कंपनीला इतिहासाची चाड नाही. मला त्याचे पाय धरावेसे वाटले. काम केलेल्या प्रत्येकाला कंपनीने एकेक घड्याळ दिलं, नक्षीच्या डबीत. माझं मी शनिवारी दादाला कुरियर केलं. चिठ्ठी घातली नाही. गरज नव्हती. कुरियरवाल्याने रविवारी सकाळी पोचेल म्हणून सांगितलं आणि मी रविवारी सकाळी उठून केस धुतले, अंथरुणाच्या चादरी बदलल्या, सगळं अगदी हलकं हलकं वाटत होतं. अकराला फोनवर निरोप आला, पार्सल पोचलं, सहीने घेतलं. मी तो निरोप दोनदा वाचला. अंगात ताप भरावा तसं काहीतरी गरम वर चढत गेलं, आणि ते सुख होतं. खोटं कशाला बोलू?

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. मी तिच्याजवळ राहते, किंवा ती माझ्याजवळ, यावर आमचं एकमत नाही. मोतीबिंदू काढल्यापासून तिला भिंतीवरची मुंगीही दिसते. दुपारी ती टेबलाशी मटार सोलत बसली होती आणि घडीघडी फोनकडे बघत होती, कारण दादा रोज जेवण झाल्यावर तिला फोन करतो आणि आज आला नव्हता. "झोपला असेल," मी म्हटलं. "रविवारी नाही झोपत तो," आई म्हणाली. टेबलावर माझी पिशवी होती, तिच्यात चाचणीसाठी घरी आणलेलं घड्याळ होतं. तिने हात पुसायला रुमाल शोधत पिशवीत हात घातला आणि ते तिच्या हाताला लागलं. मी गॅसपाशी होते. वळले तोवर तिने ते तळहातावर घेतलं होतं. तिचा अंगठा आपसूक वरच्या बटणावर गेला, बघितलंसुद्धा नाही तिने कुठे आहे ते, आणि दाबलं. लांब काटा निघाला. आई त्या छोट्या डायलकडे बघत राहिली.

"हे ते नाही," ती म्हणाली.

"नाही आई. नवीन आहे. आमच्या कंपनीने काढलंय, तसंच."

"तसंच कुठे? खूण पाचवर आहे."

"साहेबांना तिथे बरी वाटली."

आईने एक शेंग उचलली, परत ठेवली. मग अगदी साध्या आवाजात, मीठ कमी झालंय सांगावं तशी म्हणाली, "दादाला दाखवू नकोस हं हे."

माझा हात गॅसच्या बटणावर होता तो तिथेच राहिला. "का?"

"का म्हणजे?" तिने माझ्याकडे बघितलं. "दवाखान्यातून घरी आले ना मी, बाबांच्या आधी, तर टेबलावर पडलेलं होतं ते. तुझ्या नकाशावर. पाचवर थांबलेलं. खालचं बटण दाबून मीच ते शून्यावर नेलं, बाबांनी बघायच्या आत. बाबांनी बघितलं असतं तर पोराला उभं केलं असतं घरात? एक गेलाच होता." तिने शेंगा एकत्र गोळा केल्या. "तो डॉक्टरांनी सांगितलं तेवढाच थांबला गं. जास्तीचं शहाणपण माझं होतं. नंतर तो ते फेकून आलो म्हणाला, मला बरं वाटलं. त्याच्या डोळ्यांपुढून गेलं एकदाचं." तिने मान वर केली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही. "ठके. दिलंस का तू त्याला?"

मी म्हटलं, "काल पाठवलं. सकाळी पोचलं."

ती मला एक शब्द बोलली असती तरी चाललं असतं. मी तयार होते, भांडायला, सांगायला, की त्याने फेकलंच नव्हतं, आपल्या सगळ्यांना फसवलं, विकलं, शर्यतीचं म्हणून विकलं. सगळं जिभेवर होतं. आणि ते सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही बोलण्यासारखं उरलं नव्हतं. चाळीस वर्षं मला वाटत होतं की ही गोष्ट आम्हा दोघांतच आहे आणि मी ती आईपासून जपते आहे. ती पहिल्या दिवसापासून तिच्यापाशी होती, आणि तिने ती बटण दाबून पुसली होती. आई म्हणाली, "लाव त्याला फोन."

मी लावला. घंटा वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला. वहिनी नाही, घरात एकटा, हे आम्ही दोघीही बोललो नाही. घड्याळ टेबलावर मटाराच्या सालांमध्ये चालूच होतं, ते कुणी थांबवलं नव्हतं, आणि आई त्याच्याकडे बघत होती, डोळ्यात तेल घालून, पूर्वी बघायची तशी, एक हात टेबलाच्या कडेवर. मी तिसऱ्यांदा लावला. मला घंटेचा आवाज ऐकवेना म्हणून फोन कानापासून लांब धरला, तरी तो ऐकू येतच राहिला. बारक्या काट्याने उडी मारली. माझ्या पक्क्या केलेल्या, स्वच्छ लाल त्रिकोणापासून तो एक रेघ अलीकडे होता. आई खुर्चीला धरून उठली.

"चल," ती म्हणाली. "टॅक्सी बघ."

"थांब," मी म्हटलं, "एकदा लावते परत, लगेच कशाला..."

"चार झाले," आई म्हणाली आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागली.